काला आणि काळा : आपल्या वारीतले शब्द

(शताब्दी सप्ताहात गावच्या विठ्ठल मंदिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हरिपाठ झाला आहे आणि पंगत बसायची आहे, या दोहोंच्या मधल्या फटीत आम्हाला उभं केलं आहे. किती वेळ बोलायचं ते घड्याळ ठरवणार नाही, भाताचा वास ठरवील. हे कीर्तन नव्हे, आमचा तो अधिकार नाही. प्रवचन म्हणावं तर ते बसून करायचं असतं आणि आम्ही उभे आहोत. तेव्हा हे नुसतं बोलणं. चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि तितकीच वर्षं दिंडीत टाळ धरला. दोन्हीकडे शब्दांशीच गाठ. आपण रोज तोंडाने जे शब्द म्हणतो ते कुठून आले, एकासारखा दुसरा दिसतो तो त्याचा सख्खा भाऊ की नुसता नावाचा सारखा, हे बघायची आम्हाला खोड. या खोडीपायी आमच्या हातून एक मोठी चूकही झाली. ती आपल्या दिंडीला महागात पडली. तिच्याबद्दल बोलायचं म्हणूनच खरं तर उभे राहिलो. पण तिथवर जरा वाटेने जाऊ.

पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्या सप्ताहाची हँडबिलं छापून आली तेव्हाची गोष्ट जुन्या मंडळींना आठवत असेल. शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमात छापलं होतं, ‘काळ्याचे कीर्तन’. गावभर हसू झालं. कुणी विचारलं, हे काळे बुवा कुठले? एकाने तर मुक्कामाला त्यांची सोय कुणाकडे केली तेही विचारलं. छापणाऱ्याने एका अक्षराचा घोटाळा केला आणि सगळा अर्थ फिरला. काला म्हणजे कालवलेलं. दही, पोहे, लाह्या, ज्याच्या घरून जे आलं ते एकत्र कालवायचं, तो काला. ताटातलं कालवण त्याच घराण्यातलं. काळा हा रंगाचा शब्द, त्याचं घराणंच वेगळं, तो संस्कृतातल्या काल या शब्दाकडून आला. आता गंमत अशी की काला ज्याच्या नावाने करतो तो गोपाळ रंगाने काळाच. म्हणून पुष्कळांना वाटतं की काळ्याचा म्हणून काला. वाटायला गोड आहे, पण तसं नाही. भाषेत गोड वाटतं ते दर वेळी खरं असतंच असं नाही, ही आमची आजची पहिली कुरकुर.

तसाच टाळ. संस्कृतातला ताल, त्याचा मराठीत टाळ झाला, आणि हातावर हात मारला की टाळी झाली. ही दोघं एका आईची. पण ‘काम टाळतो’ यातलं टाळणं निराळं. आमचे वडील आम्हाला म्हणत, टाळ वाजवायला पुढं आणि गोठा झाडायचा टाळतोस. त्यांना ठाऊक नव्हतं की दोन परक्या शब्दांची त्यांनी सोयरीक लावून दिली.

आता संत हा शब्द घ्या. इंग्रजी शाळेत जाणारी पोरं आम्हाला विचारतात, गुरुजी, संत आणि सेंट एकच ना? उच्चार किती जवळ, अर्थही जवळ. पण नाही. संत हा आपल्या ‘सत्’पासून आला. सत् म्हणजे असणारं, खरं. त्या लोकांचा सेंट हा लॅटिन भाषेतल्या ‘सांक्टुस’ या शब्दापासून, म्हणजे पवित्र ठरवलेला. मूळच वेगळं. सेंट व्हायला तिकडे कुणीतरी ठरवावं लागतं, रीतसर जाहीर करावं लागतं. आपल्याकडे सावता माळ्याला, गोरोबांना, जनाईला संत कुणी ठरवलं? लोकांनी म्हणायला सुरुवात केली, बस्स. आणि तिसरा सेंट म्हणजे कपड्याला लावायचा, तो अजून निराळा. एकादशीला देवळात येताना तो जरा कमी लावावा, गाभाऱ्यात कोंडतो.

गाभारा म्हटलं आणि आठवलं. संस्कृतात गर्भागार, म्हणजे आतलं घर. त्याचा घासत घासत गाभारा झाला. त्या गर्भापासूनच झाडाचा गाभा आणि गोठ्यातली गाभण गाय. ज्या अंधाऱ्या उबेत देव उभा आहे आणि ज्या अंधाऱ्या उबेत वासरू वाढतं, दोन्हीला आपल्या पूर्वजांनी एकच शब्द वापरला. देऊळ म्हणजे देवकुल, देवाचं घर. राऊळ म्हणजे राजकुल, राजाचं घर. पुढे राऊळही देवाचंच झालं आणि कोकणात ते आडनावही आहे. मंदिर म्हणजे संस्कृतात साधं घर, कुणाचंही. आज मात्र देऊळ म्हटलं की जुनं आणि मंदिर म्हटलं की नवं, फरशी बसवलेलं, असं आपल्या मनात झालं आहे. आपण जीर्णोद्धार केला तेव्हा पाटीवर ‘मंदिर’ आलं, पण बायका अजून ‘देवळात जाऊन येते’ असंच म्हणतात. त्या बरोबर आहेत.

शेतकऱ्यांना आवडेल असं एक सांगतो. पंढरपूर क्षेत्र, आळंदी क्षेत्र, देहू क्षेत्र. हे क्षेत्र म्हणजे काय? शेतच. संस्कृतात क्षेत्र म्हणजे शेत, आणि आपलं शेत हा शब्द त्या क्षेत्राचाच झिजलेला. वाफसा धरून पेरणी उरकायची आणि मग वारीला निघायचं, ही आपली रीत. म्हणजे एका क्षेत्रातून निघून दुसऱ्या क्षेत्राला जायचं. पेरणी राहिली तर पाय वाटेवर आणि जीव बांधावर, हे आम्ही पाहिलं आहे. ज्येष्ठात पाऊस नाही झाला तर दिंडीत निम्मी माणसं असतात.

आणि भात. हे ऐकून आमचे एक कीर्तनकार मित्र हसले होते, पण खरं आहे. भात हा शब्द ‘भक्त’ या शब्दापासून आला आहे. संस्कृतात भक्त म्हणजे देवाला भजणारा, आणि भक्त म्हणजेच शिजवलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ. भक्तचं प्राकृतात भत्त झालं आणि मराठीत भात. नोकराला मिळतो तो भत्ताही त्याच वंशातला मानतात, म्हणजे खाण्यापुरतं द्यायचं ते. या सगळ्यांच्या तळाशी ‘भज्’ नावाचा धातू आहे. त्याचा जुना अर्थ वाटणं, वाटून घेणं, वाट्याला येणं. त्यातून भाग आला, विभाग आला, भजन आलं, भक्ती आली. जो वाटून घेतो, ज्याच्या वाट्याला देव आला, तो भक्त. आणि जे वाटून खायचं ते भात. आम्ही हे पहिल्यांदा कोशात वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. दिंडीत आपण सकाळी भजन करतो आणि रात्री पातेलं उतरवून पंगत वाढतो. आपल्याला वाटतं एक देवाचं काम आणि एक पोटाचं. शब्दांना तसं वाटत नव्हतं.

पंगतीतली भजी मात्र यात धरू नका. ती भाजण्या-तळण्याच्या घराण्यातली, भजनाच्या नव्हे. आणि अभंगही यातला नाही. त्यातला भंग हा ‘भञ्ज्’चा, म्हणजे मोडणं. मोडत नाही तो अभंग. भज् आणि भञ्ज्, मध्ये एका अनुनासिकाचा फरक, आणि अर्थ एक वाटून देण्याचा, दुसरा मोडण्याचा. ओवी ही ओवण्यातून आली असं सांगतात, फुलं ओवतात तसे शब्द ओवायचे. ती फार जुनी. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर, त्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात लिहिलं आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानोबारायांनी ओवी हाती घेतली त्याच्या कितीतरी आधी ती आपल्या आयाबायांच्या मुसळाबरोबर चालली होती.

परक्या मुलखातून आलेले शब्दही आपल्या दिंडीत आहेत आणि ते चांगले रुळले आहेत. चोपदार हा मूळचा चोबदार. फारसीत चोब म्हणजे लाकूड, काठी. दार म्हणजे धरणारा. हे दार म्हणजे आपल्या घराचं दार नव्हे. ते द्वारापासून आलं. मुक्काम अरबी, अबीर अरबी. आपण बुक्क्याबरोबर अबीर म्हणून देवाच्या कपाळी लावतो तो शब्द अरबस्तानातून आला, आणि देवाने काही तो पुसून टाकला नाही. मुक्काम आणि कायम हे दोन्ही एकाच अरबी मुळातले, उभं राहणं, ठरणं या अर्थाचे. विसावा मात्र आपला घरचा, विश्रमापासूनचा. म्हणून मुक्काम रात्रीचा आणि विसावा दुपारचा, झाडाखालचा, घटकाभराचा. दोघांत फरक काय ते पायाला विचारा, कोशाला विचारायची गरज नाही.

पालखी आणि पलंग ही भावंडं. दोघांचा मूळ शब्द पर्यंक, पल्यंक. एकावर आपण झोपतो, दुसरी खांद्यावर घेतो. गोऱ्या लोकांनीही हाच शब्द आपल्याकडून उचलून नेला, पोर्तुगीजांच्या मार्फत, आणि त्याचं ‘पॅलँक्विन’ केलं.

फड या शब्दाला तर अंतच नाही. उसाचा फड, कुस्त्यांचा फड, तमाशाचा फड आणि पंढरीत मोठमोठ्या महाराजांचे फड. आमच्या एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं होतं, ‘आमच्या गावात तीन फड आहेत, एक उसाचा, एक देवाचा आणि एक सांगता येत नाही.’ सगळीकडे अर्थ एकच, माणसं जमून जिथं काम चालतं ती जागा. पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे. लोक त्याला पाठ घासतात, म्हणजे चौऱ्यांशीचा फेरा चुकतो म्हणे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळातला तो लेख. देवळासाठी कुणी काय दिलं त्याची ती यादी. त्यात रामदेवराव यादवाला पंढरीच्या फडाचा प्रमुख म्हटलेलं अभ्यासक वाचतात. आपण पाठ घासतो, वाचत नाही. फडणवीस या शब्दात काही जण हा फड पाहतात, काही जण फारसी ‘फर्द’ म्हणजे यादीचा कागद पाहतात. नवीस म्हणजे लिहिणारा, तेवढं नक्की फारसी. विठ्ठल या नावावरून तर फार मोठे पंडित आपसात बोलले आहेत. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९१३ च्या ग्रंथात लिहिलं की विष्णू या शब्दाचं कानडी तोंडात जे रूप झालं त्यातून विठ्ठल आला. कुणी विटेवर उभा म्हणून विठ्ठल म्हणतं. आपण हाक मारायची. तो कुठल्याही व्युत्पत्तीला ओ देतो.

आता यात्रा, जत्रा आणि वारी. इथून आमची चूक सुरू होते, म्हणून जरा सावकाश.

यात्रा आणि जत्रा हा एकच शब्द दोनदा आलेला. ‘या’ म्हणजे जाणं, त्यातून यात्रा. संस्कृतातला पहिला ‘य’ लोकांच्या तोंडी ‘ज’ होतो. यशोदाची जसोदा, योगीचा जोगी, यमुनेची जमुना, तशी यात्रेची जत्रा. पण मग लोकांनी दोघींना कामं वाटून दिली. यात्रेला आपण जातो. जत्रेला देव आपल्या गावात असतो आणि माणसं आपल्याकडे येतात. काशीयात्रा म्हणतो, काशीजत्रा म्हणत नाही. वारी या दोघींपेक्षा वेगळी. यात्रा जन्मात एकदा केली तरी पुरते. वारी एकदा केली तर ती वारीच नव्हे. ‘मी पंढरीची एक वारी केली’ असं कुणी म्हणालं तर जुना वारकरी मनात म्हणतो, बरं, पुढची कधी? आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री, चार वाऱ्या; त्यातली आपल्याला जमेल ती, पण पुन्हा पुन्हा. यात्रेकरू आणि वारकरी यांत हाच भेद आहे.

पुन्हा पुन्हा, हा अर्थ वारीत आला तो वार या शब्दातून. काही वक्ते सांगतात, वारि म्हणजे पाणी, चंद्रभागेचं पाणी, म्हणून वारी. ऐकायला बरं, पण तो वारि ऱ्हस्व, संस्कृत, आणि त्याचा या वारीशी संबंध नाही. वार म्हणजे पाळी, खेप. वारंवार म्हणतो ते हेच. आठवड्याचे वार तेही हेच, एकामागून एक ज्याची त्याची पाळी येते म्हणून सोमवार, मंगळवार. हे आज आम्ही छातीठोकपणे सांगतो आहोत. तेव्हा ठाऊक नव्हतं.

आपल्या दिंडीची जुनी वही आहे. मूळ पुरुषांच्या हातची, मोडीत लिहिलेली. त्यात एक ओळ आहे, ‘वीणा वरली आळी व खालती आळी यांनी वारानें चालवावी.’ एवढीच. त्यांच्या पश्चात वीणा बरीच वर्षं वरल्या आळीत राहिली. कुणी वावगं म्हटलं नाही. मग खालच्या आळीची पोरं शिकली आणि म्हणाली, वहीत काय आहे ते वाचा. गावात मोडी वाचणारा तेव्हा एकच, तो म्हणजे आम्ही. नवीन नोकरी, अंगात शिक्षकपणाची रग. देवळात बैठक भरली. आम्ही ओळ वाचली. वरल्या आळीचे म्हणाले, वार म्हणजे वारच ना? दर गुरुवारी देवळात भजन असतं, त्या वाराला वीणा खालच्या आळीने घ्यावी, वारीतली वीणा आमची. सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही म्हणालो, होय, वार म्हणजे दिवस. दुसरा अर्थ नाही.

दुसरा अर्थ नाही, हे शब्द आमच्या तोंडचे. कोश उघडून बघायला घरी गेलो असतो तरी पुरलं असतं. गेलो नाही.

त्या वर्षी खालची आळी वेगळी निघाली. एका गावच्या दोन दिंड्या, दोन वीणा, दोन ट्रक, दोन चुली. पुढची नऊ वर्षं. वाटेत समोरासमोर आलो की अनोळखी माणसाच्या पाया पडायचो आणि गाववाल्याकडे बघायचो नाही. माऊलींच्या सोहळ्यात संध्याकाळच्या समाजआरतीला चोपदार चोप उंच करतो, सगळे टाळ थांबतात, आणि ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ चालूच राहतात, मग तिचं ऐकून घेतात. किती चांगली रीत! आमच्या दोन्ही दिंड्यांचे टाळ मात्र वेळेवर थांबत. तक्रार आतल्या आत.

आमची आत्या खालच्या आळीत दिलेली. तिचा थोरला मुलगा सासऱ्यामुळे वरल्या दिंडीत, धाकटा खालच्या. म्हातारी सकाळच्या टप्प्याला एका दिंडीत चाले, दुपारच्या विसाव्यानंतर दुसरीत. भाकरी दोन्हीकडची खाई. कुणी विचारलं तर म्हणे, माझा पांडुरंग एकच हाये, पोरं दोन हायेत, मी काय करू.

नवव्या वर्षी ती आजारी पडली आणि वारीला येऊ शकली नाही. आम्ही भेटायला गेलो. बोलता बोलता ती आपल्या माहेरच्या जुन्या गोष्टी सांगू लागली. शिकणारी गरीब पोरं तेव्हा गावात वार लावून जेवत. सात घरं धरायची, रोज एका घरी जेवायचं. ती म्हणाली, ‘आमच्याकं एका पोराचा वार हुता. एकदा त्यो आजारी पडला आन् बिस्तरवारी याचा तो शुक्करवारी आला. आई म्हनली, ये बाळ, तुझा वार ऱ्हायलाय.’ आम्ही चमकलो. म्हटलं, आत्या, शुक्रवारी आला तर गुरुवारचा वार कसा राहील? ती म्हणाली, ‘आरं मास्तरा, वार म्हंजी दिस न्हवं. वार म्हंजी पाळी. त्याची पाळी ऱ्हायली हुती न्हवं का?’

निरक्षर बाई. दिवस आणि पाळी यांतला जो धागा आम्हाला पुस्तकात सापडायला हवा होता तो तिच्या आईच्या चुलीपाशी होता. घरी येऊन कोश काढला. तिथंही तेच लिहिलं होतं, आणि कोश नऊ वर्षं आमच्याच कपाटात होता.

त्या रात्री झोप लागली नाही हे सांगायला हवं का? दुसऱ्या दिवशी दोन्ही आळ्यांत गेलो आणि सांगितलं की आम्ही चुकलो. वाराने म्हणजे पाळीने. एक वर्ष वरल्या आळीने, एक वर्ष खालच्या. लगेच मिटलं असं नाही. वरल्या आळीचे एक वयस्कर म्हणाले, तेव्हा पदवीधर म्हणून तुझं ऐकलं, आता बाईचं ऐकून फिरलास, उद्या कुणाचं ऐकशील? त्यांचं चूक नव्हतं. खालच्या आळीतही काही जण म्हणाले, आता कशाला, आमची दिंडी बरी चालली आहे. आणखी दोन वर्षं गेली. मग एका कार्तिकीला, वाखरीच्या पुढे, वरल्या आळीच्या विणेकऱ्यांनीच आपल्या गळ्यातली वीणा काढली आणि आमच्या आतेभावाच्या गळ्यात घातली, तो खालच्या दिंडीतला धाकटा. काही बोलले नाहीत. दोघे एकमेकांच्या पाया पडले. आत्या तोवर गेली होती.

पाया पडताना मान वाकते. ही मान आणि ‘मान मिळाला’ यातला मान, हे दोन शब्द वेगळे आहेत. शरीरातली मान संस्कृतातल्या ‘मन्या’पासून, मिळतो तो मान संस्कृत मानच. एक स्त्रीलिंगी, एक पुल्लिंगी. आपल्या भांडणात अकरा वर्षं आपण पुल्लिंगी मानाबद्दल बोलत होतो, आणि ते मिटलं ते दुसरीमुळे.

आता या शताब्दीच्या निमित्ताने पुन्हा एक शब्द पुढे आला आहे आणि समितीने आमचं मत विचारलं आहे. धर्मशाळेच्या नव्या पाटीवर ‘दिंडी मालक’ लिहायचं की ‘दिंडी चालक’? एकदा हात पोळला आहे, म्हणून या खेपेला तीन कोश पाहिले आणि वरल्या-खालच्या दोन्ही आळ्यांतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारलं. मालक हा अरबी शब्द. कचेरीत त्याचा अर्थ ज्याच्या नावे सात-बारा तो. पण आपल्या बोलण्यात मालक म्हणजे वडीलधारा, कर्ता. बाई नवऱ्याला ‘आमचे मालक’ म्हणते, ती काही खरेदीखत झालं आहे असं सांगत नाही. दिंड्यांत मालक म्हणतात ते या दुसऱ्या अर्थाने, आदराने, आणि ते जुनं आहे, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. चालक म्हणजे चालवणारा, आणि आपल्या वहीतही ‘चालवावी’ हाच शब्द आहे. आमचं म्हणणं एवढंच, की बोलताना मालक म्हणावं आणि पाटीवर, कागदावर, धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत चालक लिहावं. कारण कागद वाचणारे पुढे आपले नातू-पणतू असणार, आणि त्यांच्यापाशी आपल्या बोलण्यातला मालक पोचेलच असं नाही. बोलण्यातला वार आमच्यापर्यंत पोचला नव्हता, दोन पिढ्यांत. पटलं तर घ्या. नाही पटलं तर बैठकीत सांगा, पण या खेपेला आधी बोलून घ्या, ट्रक भाड्याने घ्यायच्या आधी.

वहीतल्या त्या पानाचा फोटो या स्मरणिकेत छापला आहे. मोडी न वाचता येणाऱ्यांसाठी खाली बाळबोधीत ओळ दिली आहे, आणि ‘वारानें’ या शब्दापुढे कंसात ‘पाळीने’ असं आम्ही आमच्या हाताने लिहून दिलं आहे. मुद्रितं दोनदा तपासली. काल्याच्या कीर्तनातला ‘ल’ही पाहिला.

यंदाचा वार वरल्या आळीचा. वीणा उद्या काकड्यानंतर मारुतीच्या पाराजवळ सोपवायची आहे. खालच्या आळीच्या मंडळींनी वेळेवर यावं. आणि वाढप्यांनी आता उठावं, भात खाली लागल्याचा वास आम्हाला इथपर्यंत येतो आहे.

पुंडलीक वरदा हारि विठ्ठल.